मिरगाच्या अलीकडचं रान

दोडामार्ग तालुक्यात बाहेरचा माणूस येतो तो मांगेलीचा धबधबा सुरू झाल्यावर. जुलै-ऑगस्टच्या रविवारी गोवा, बेळगाव, कोल्हापूर पासिंगच्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात, मुलं पाण्याखाली नाचतात, गरम भजी खातात आणि काळोख पडायच्या आत घरी जातात. त्यात वाईट काही नाही. पण त्या मुलांनी दोडामार्गचं रान पाहिलं असं म्हणता येणार नाही. पावसात इथलं रान मिटलेलं असतं. वाटा शेवाळलेल्या, पायाला जळवा, आणि धुक्यात दहा हातांवरचं झाड दिसत नाही. रान बघायचं तर मिरगाच्या अलीकडे यावं लागतं. तेव्हा काजूचा हंगाम आटोपलेला असतो, अंगणात रतांब्यांची सालं वाळत असतात, लाकडं खोपीत भरण्याची आणि आगोटीच्या खरेदीची धावपळ चालू असते. फणस पिकून पडत असतात आणि मुंबईहून आलेली पोरं अजून परत गेलेली नसतात. ओढ्यांचं पाणी आटून कोंडींपुरतं उरतं, त्यामुळे जनावरं कुठे पाण्यावर येतात ते समजतं. पातेरा इतका वाळलेला असतो की सरडा पळाला तरी ऐकू येतो.

हे दिवस तसेही थोडे, आणि २०२५ साली तर ते हातीच लागले नाहीत. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत पोचला. त्याआधीचा आठवडाही वळवाच्या सरींनी धुतला होता. मिरगाची वाट बघत रतांबे वाळवणाऱ्या बायकांची त्रेधा उडाली आणि मुलांना घेऊन रानात जायचं ज्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यावर टाकलं होतं, त्यांचं ते राहूनच गेलं. मी इथे ज्या रानफेऱ्यांबद्दल लिहितो आहे त्या २०२५ च्या मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या आणि त्याआधीच्या काही वर्षांतल्या. सोबत असायची ती आठ ते तेरा वर्षांची मुलं. निम्मी गावातली, निम्मी चाकरमान्यांची. मोठ्यांपैकी गावातले एक आजोबा, एखादी शिक्षिका आणि मी.

तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर असू द्या. सिंधुदुर्ग जिल्ह्याचं हे दक्षिणेचं टोक. एका अंगाला गोव्याचे डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके, तर पूर्वेला सह्याद्रीची भिंत. भिंतीवर चंदगड आणि त्यापलीकडे कर्नाटकातलं खानापूरचं जंगल. मधून तिलारी वाहते. हीच नदी गोव्यात कोलवाळची नदी होते आणि शापोऱ्याला समुद्राला मिळते. जून २०२० मध्ये राज्य सरकारने इथलं २९.५३ चौरस किलोमीटर रान 'तिलारी संवर्धन राखीव' म्हणून जाहीर केलं. गोव्यातलं म्हादई, कर्नाटकातलं भीमगड आणि उत्तरेला राधानगरीकडे जाणारी जंगलं यांना जोडणारा हा पट्टा. वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, नागराज हे सगळे या पट्ट्याचे रहिवासी, आणि २००२ पासून हत्तीही.

पहिल्या वळणावरच मुलांचे दोन गट पडतात. मुंबईच्या मुलांच्या पायांत बूट, पाठीवर पाण्याची बाटली, आणि पुस्तकातली नावं पाठ. ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू आहे हे त्यांना ठाऊक असतं. गावातली मुलं रबरी चपला घालून येतात, मागे राहतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. शाळेत क्षेत्रभेटीला गेलं की शिक्षक सांगतात आणि आपण लिहून घेतो, एवढंच त्यांना माहीत. पहिला अर्धा तास मुंबईच्या मुलांचाच असतो. मग वाटेत एका सपाट कातळावर काळपट, बियांनी भरलेली विष्ठा दिसते आणि डाव उलटतो. मुंबईचा मुलगा "ई" म्हणून बाजूला होतो. सहावीतली गावातली मुलगी उकिडवी बसते, काटकीने एक बी उलटवते आणि सहज सांगते, "ह्यो कांडेचोर. रातीक भेडल्याची फळां खाता आणि सकाळी हयसर येता." भेडल्याचं झाड कुठे आहे? ती हात करून दाखवते. कातळापासून निदान तीनशे पावलं दूर. म्हणजे या कांडेचोराने, अर्थात उदमांजराने, बी एवढ्या लांब आणून टाकली. बी-प्रसाराचा धडा यापेक्षा वेगळा काय असतो? पण हा धडा आहे हे त्या मुलीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझा या लेखातला मुद्दा एवढाच आहे. अमेरिकेत रिचर्ड लूव यांचं 'लास्ट चाइल्ड इन द वुड्स' हे पुस्तक २००५ साली आलं आणि निसर्गापासून तुटलेल्या मुलांची चर्चा जगभर झाली. आपल्याकडच्या निसर्ग शिबिरांची भाषा तिथूनच उचललेली असते: मुलांना निसर्गाकडे न्या, मोबाइल सोडवा, त्यांना मातीचा वास घेऊ द्या. पुण्या-मुंबईच्या मुलांना ते लागू असेल. दोडामार्गच्या मुलाला मातीचा वास कुणी द्यायची गरज नाही. त्याच्याकडे जे आहे त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही, ही त्याची अडचण आहे.

आणि तेही आता आटत चाललं आहे. त्याचं कारण बहुतेकजण मोबाइल सांगतात. मला ते अर्धंच पटतं. पूर्वी मुलांची रानफेरी कुणी आयोजित करत नसे, कारण गुरं राखणं हीच रानफेरी होती. सकाळी गुरं सोडायची, त्यांच्या मागे डोंगर चढायचा, करवंदं, चुर्नं, आटकं खात दिवस काढायचा. कोणत्या झाडाखाली बसू नये, कोणत्या कोंडीत उतरू नये, कुठला पाला गुरं तोंडात धरत नाहीत हे सगळं त्या कामात आपोआप यायचं. आता घरटी दोन गुरंही उरलेली नाहीत. आईबाप सकाळी मोटरसायकलवरून गोव्यात कामाला जातात, घरी आजी-आजोबा आणि नातवंडं. आजोबांचे गुडघे दुखतात आणि नातवाला एकट्याने रानात जायची परवानगी नाही. ती परवानगी नसण्याला कारणंही खरी आहेत.

त्यातलं पहिलं कारण हत्ती. २००२ साली कर्नाटकाकडून कळप इकडे उतरला तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. ते नवल केव्हाच संपलं. माड, पोफळी, केळी, भात, हत्तीला यातलं सगळं चालतं, आणि भेडलामाड तर तो मुळासकट उपटतो. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात एका वृद्ध शेतकऱ्याचा जीव गेला. त्यानंतर कुठल्या तोंडाने आईबापांना सांगायचं, मुलांना रानात पाठवा? म्हणून हत्ती ज्या बाजूला असतील त्या बाजूची फेरी आम्ही रद्द करतो. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी निघण्यापूर्वी वनखात्याच्या माणसांकडे आणि गावात चौकशी होते. कळप कुठे आहे याचे निरोप मोबाइलवर घराघरांत फिरत असतातच.

पण हत्ती निघून गेल्यावर चार दिवसांनी त्याची वाट बघायला काही हरकत नसते. शिंपण्याने ओल्या राहिलेल्या एका पोफळीच्या बागेत पुढच्या पायाचा ठसा स्वच्छ उमटला होता. गोल, ताटाएवढा, कडेने नखांच्या खुणा. मागच्या पायाचा ठसा लांबट असतो, त्यामुळे दोन्ही ओळखता येतात. पुढच्या पायाच्या घेराच्या दुप्पट म्हणजे हत्तीची खांद्यापर्यंतची उंची, असा एक जुना ठोकताळा आहे आणि तो आशियाई हत्तीला बऱ्यापैकी लागू पडतो. मुलांनी सुंभाची दोरी ठशाच्या कडेने फिरवली, गाठ मारली, पट्टीवर धरली. एक मीटर एकतीस सेंटिमीटर. दुप्पट दोन मीटर बासष्ट. पाचवीतल्या मुलाने दोरीचं माप दोनदा पोफळीच्या खोडाला लावायचा प्रयत्न केला, हात पोचेना, म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर चढला. आठ फूट सात इंचांवर त्याने चुन्याने रेघ ओढली. मग सगळे मागे सरकून त्या रेघेकडे बघत राहिले.

बागेचे मालक शेजारीच उभे होते. त्यांच्या केळी त्याच रात्री गेल्या होत्या. "मापा, मापा," ते म्हणाले. "माका तेची उंची बघूक दोरी लागना नाय. मी हयसून बघलंय तेका." एका मुंबईच्या मुलीने विचारलं, "मग तुम्हाला त्याचा राग येतो का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "राग येता. पण तो येवचो बंद झालो तर थंय रान रवला नाय, असा समजाचा." आणि लगेच पुढे, "भरपाय मात्र वेळेर गावाक होयी."

या उत्तराचे दोन्ही भाग मुलांनी ऐकले, हे मला महत्त्वाचं वाटतं. शहरी शिबिरांत हत्ती म्हणजे फक्त वाचवायचा प्राणी असतो आणि गावच्या चावडीवर तो फक्त हाकलायचा. दोन्हीकडे मुलांना निम्मी गोष्ट सांगितली जाते. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा तरुण हत्ती पेडण्यात शिरला, तेव्हा गोव्यातही हीच दोन टोकं वर्तमानपत्रांतून दिसली.

दुसरं कारण हत्तीपेक्षा लहान, खसखशीच्या दाण्याएवढं. २०१६ च्या सुरुवातीला याच तालुक्यात केर गावी माकडतापाचे रुग्ण सापडले आणि नंतर तो बांद्याकडे पसरला. हा क्यासनूर जंगलाचा ताप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू पसरवते ती गोचीड, आणि तीही तिची अगदी लहान, अपुरी वाढलेली अवस्था. तिचा जोर डिसेंबरपासून मेपर्यंत. काजू गोळा करायचा, पातेरा जमवायचा, लाकडं आणायची आणि मुलांना सुट्टी असायची तो हाच काळ. पाऊस लागला की तिचा जोर ओसरतो. तेव्हा मिरगाच्या अलीकडचं रान सुंदर असलं तरी बेसावध जाण्याचं नाही, हे मी पालकांना आधीच सांगतो. माकडं मेलेली आढळलेल्या भागात जायचंच नाही. इतर ठिकाणी पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट, आरोग्य खात्याने सांगितलेलं गोचीड दूर ठेवणारं तेल. पातेऱ्यावर बसायचं नाही, बसायचं ते उघड्या कातळावर. घरी गेल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, मुलांची अंघोळ, आणि केसांत, काखेत, गुडघ्यामागे नीट बघणं. ताप आला तर दुखणं अंगावर काढायचं नाही, डॉक्टरांना आपण रानात गेलो होतो हे आधी सांगायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. मुलांना हे सगळं भीती म्हणून न सांगता जीवशास्त्र म्हणून सांगितलं तर ती जास्त नेमाने पाळतात. एका मुलीने तर घरी जाऊन आजीलाही लुगड्याचा काष्टा घट्ट मारायला लावला.

बाकीचे नियम सोपे. सकाळी साडेसहाला निघायचं, दहाच्या आत परतायचं, कारण मेमध्ये दुपारनंतर वळीव आणि विजा केव्हा येतील सांगता येत नाही. फुरसं इथे जागोजाग, म्हणून दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. दहा-बारांहून जास्त मुलं नकोत. मी एकदा चाळीस मुलांची रांग पाहिली आहे. त्या मुलांना रानात फक्त पुढच्याची पाठ दिसली.

आता बांबर्डे. हेवाळे-बांबर्डे भागातली देवाची राई हे दोडामार्गचं सगळ्यात जपण्यासारखं धन आहे. गोड्या पाण्याची दलदल आणि तिच्यात उभी रानजायफळाची झाडं, शास्त्रीय नाव मायरिस्टिका मॅग्निफिका. केरळ, कर्नाटक आणि गोव्यात अशा दलदली आहेत. सत्तरीतली निरंकाराची राई अभ्यासकांना माहीत होती. महाराष्ट्रातल्या या दलदलीची शास्त्रीय नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली तेव्हा पश्चिम घाटातली ती सर्वांत उत्तरेची ठरली. पुढे राज्याने तिथलं २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. रानजायफळाचं कूळ फुलझाडांच्या फार जुन्या कुळांपैकी एक. अशा दलदली ठिकठिकाणी नाहीशा होत गेल्या आणि ही इथे देवाच्या धाकाने राहिली. देवाच्या राईतली काटकीही घरी न्यायची नाही, एवढा एकच नियम. कुठल्याही अधिसूचनेपेक्षा तो जास्त काळ टिकला.

मेमध्ये सगळे ओहोळ सुकलेले असताना इथे चिखल असतो. झाडाखाली मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली जातात. गुडघा मुडपून बसलेल्या माणसांची पंगत दिसावी तशी. पाण्याखालच्या मातीत मुळांना हवा मिळत नाही म्हणून त्यांनी केलेली ही सोय. मुलं आधी विचारतात, पाणी कुठून येतं? मग कुणीतरी वरचा झरा शोधायला जातं आणि कळतं की दलदल जगते ती वरच्या उतारावरच्या झाडांच्या जिवावर. वर कुऱ्हाड चालली की खाली २.५९ हेक्टरांवर कितीही फलक लावले तरी उपयोग नाही. मी हे सांगितलं नव्हतं. झरा शोधून आलेल्या मुलाने ते सांगितलं, आणि त्याच्या वडिलांचा धंदा लाकूडतोडीचा आहे. तो हे घरी कसं बोलला असेल, माहीत नाही.

इथे माझा एक हट्ट आहे. दलदलीत मुलांना उतरवायचं नाही. कडेच्या दगडावरून बघायचं. पायाखालचा चिखल दाबला गेला की रोपं मरतात. चांगला फोटो येत नाही म्हणून कुरकुर होते, होऊ दे.

धनेशाच्या ढोलीबद्दलही तेच. मोठ्या धनेशाला इथे गरुड म्हणतात, आणि धनेशांची संख्या चांगली असलेल्या महाराष्ट्रातल्या थोड्या ठिकाणांपैकी तिलारीचं खोरं एक. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर दिवसभर उंबराची, वडाची, इतर रानझाडांची फळं आणून एकेक करून त्या फटीतून देतो. नर मेला तर आतल्यांची उपासमार. मेच्या मध्यापर्यंत बऱ्याच ढोल्यांतली पिल्लं उडण्याच्या बेतात असतात, आणि फटीतून बाहेर टाकलेल्या बियांचा सडा झाडाखाली पडलेला असतो. आम्ही ढोली दाखवत नाही, तो सडा दाखवतो, तोही पिल्लं उडून गेल्यावर. कॅमेरेवाल्यांच्या गर्दीने नर फळ घेऊन लांबच बसून राहतो, हे इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे. आजोबा मुलांना झाडापासून लांब थांबवून म्हणतात, "गप रवा रे, तेका वाटाक होया हय कोण नाय." सड्यात नऊ प्रकारच्या बिया निघाल्या. सहा झाडांची नावं आजोबांनी सांगितली, दोनांची मुलांनी, आणि एक बी कुणालाच ओळखता आली नाही. ती काडेपेटीत घालून एका मुलाने घराच्या परड्यात पुरली आहे.

इथपर्यंतची वाट कुठल्याही निसर्गप्रेमी मंडळाला आवडेल. पुढची आवडत नाही. राईतून निघालं की पंधरा मिनिटांत रबराची लागवड लागते. सरळ रांगा, खोडांवर तिरप्या चिरा, खाली चीक झेलायला वाट्या. मुलांना ती फार आवडते, चीक ताणून बघण्यात पाच मिनिटं सहज जातात. मग शिक्षिका त्यांना दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायला सांगते. राईत याच खेळात मुलांनी सात आवाज मोजले होते, इथे दोन. लागवड परक्यांची म्हणून बोटं मोडणं सोपं आहे. केरळातून आलेल्या माणसांनी ती केली हे खरं, पण जमीन विकली ती इथल्यांनी. काजूला भाव नव्हता, मुलगा गोव्यात नोकरीला, मुलीचं लग्न, भाऊबंदकीत पडून राहिलेली जागा. मुलं विचारतात, "विकली कित्याक?" आणि त्या प्रश्नाला आजोबा टाळाटाळ न करता उत्तर देतात, कारण त्यांनीही एक तुकडा विकला आहे.

तिलारीच्या जलाशयाचंही तसंच. महाराष्ट्र आणि गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. त्याखाली आयनोडे, सरगवे, पाट्ये, शिरंगे, केंद्रे अशी गावं गेली. मेमध्ये पाणी उतरतं तेव्हा काठाची लाल माती उघडी पडते आणि तिच्यावर पाणमांजरांच्या, म्हणजे इथल्या भाषेत हुदांच्या, माशांचे खवले भरलेल्या विष्ठा सापडतात. मुलं ते बघण्यात दंग असतात. त्यांच्यापैकी एकाची आजी पाण्याकडे बोट करून आपलं घर कुठे होतं ते सांगते. हूदही खरे आणि घरही. संवर्धन राखीवाचा नकाशा उघडला तर बुडालेल्या गावांचीच नावं त्यात पुन्हा भेटतात. मुलांना आम्ही निष्कर्ष सांगत नाही. कळणे गावातली खाण, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा वाद, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिलेला निकाल, हे विषय घरोघरी तावातावाने बोलले जातात आणि मुलं ते ऐकतच असतात. निदान ज्या जागेबद्दल भांडण चालू आहे ती जागा त्यांनी पायाखाली घातलेली असावी.

काजव्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर फार लिहून झालं आहे आणि त्यातूनच काजवा महोत्सवांची गर्दी झाली. मिरगाआधीच्या दमट रात्री अंगणातून दिसतील तेवढे बघावेत, विजेरी बंद ठेवावी. एवढंच मुलांना सांगावं की काजव्याची अळी महिनोन्‌महिने जमिनीत राहून गोगलगायी खाते, आणि पातेरा जाळला, तणनाशक मारलं की पुढच्या वर्षी झाड काळंच राहतं. काजूच्या बागांतून तणनाशक आता सर्रास मारतात.

पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सांगितलं. त्यातून पुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या, सावंतवाडीच्या दुकानांत तयार प्रकल्पांची चित्रंही विकत मिळू लागली. शाळा मेमध्ये बंद आणि जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे रान वाचण्याजोगं असतं तेव्हा शिक्षकाला रजा असते. यात शिक्षकांचा दोष नाही. पटसंख्या कमी म्हणून शाळाच राहते की जाते या चिंतेत ते असतात. पण सुट्टीतल्या फेरीला शाळा लागतही नाही. गावातलं एक जाणतं माणूस लागतं, आणि मुलांनी सांगितलेलं लिहून ठेवणारं कुणीतरी.

लिहून ठेवण्यावर माझा भर आहे. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, ९२ वर्षांचे होऊन, त्याच वर्षी पद्मश्री मिळाल्यावर. त्यांच्या पक्षीकोशाचं आणि लेखनाचं मोठं भांडवल होतं ते रानात राहणाऱ्या माणसांकडून ऐकलेलं. वनाधिकारी असूनही त्यांनी त्या माणसांना माहितगार मानलं. दोडामार्गात असं ऐकून घेणारं कुणी येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा मुलांच्या हातात वही द्यावी.

आणि ती वही जाण्यासाठी एक जागा कायद्याने केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात कोणती झाडं, पिकं, प्राणी, मासे आहेत, त्यांचा कोण कसा उपयोग करतं, हे सगळं तिच्यात यायला हवं. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि नंतर राज्यांना महिना दहा लाख रुपये दंडाची तंबी दिली. मग देशभर घाई झाली. घाईत भरलेल्या नोंदवहीत काय असतं ते सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी थोड्या फरकाने पुन्हा येते. कांडेचोर कुठल्या कातळावर येतो, कुठला झरा मेअखेरही आटत नाही, हे तिच्यात नसतं. ते सहावीतल्या मुलीला माहीत असतं.

२०२५ मध्ये मुलांनी केलेल्या वहीत तारीख, जागा, काय दिसलं, कोणी सांगितलं, असे चारच रकाने आहेत. ठशाचं माप आहे, बियांची चित्रं आहेत, आटलेल्या आणि न आटलेल्या कोंडींची नावं आहेत. शेवटच्या पानावर १९ मे रोजी सुरू झालेल्या पावसाची नोंद आहे, त्यापुढे "फेरी रद्द" असं लिहिलेलं आहे. पुढच्या दहा वर्षांत पाऊस असाच लवकर येत राहिला, तर ही साधी नोंदसुद्धा कामाची ठरेल.

तुम्ही दोडामार्गचे असा, देवरुखचे किंवा चंदगडचे, येत्या मेमध्ये मुलांना घेऊन गावी जालच. मिरगाच्या आधी दोन-चार सकाळी त्यांच्यासाठी ठेवा. गावातल्या मुलांना पुढे चालू द्या, आपल्या मुलांना मागे. परतताना ग्रामपंचायतीत जा, नोंदवही बघायला मागा, आणि तिच्यात नसलेलं मुलांच्या वहीतून उतरवून अर्जासोबत जोडा. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नका.